अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजातून बायोटेक: आपल्या मंडळींचे नेहमीचे प्रश्न

बे एरियात कुठल्याही मराठी घरगुती कार्यक्रमाला गेलं की जेवणाच्या रांगेत एखादी तरी 'मायक्रो'वाली किंवा 'बायोटेक'वाली भेटते. पुण्याहून, औरंगाबादहून, नांदेडहून एमएस्सी करून, लग्न होऊन इथे आलेली आणि 'आता पुढे काय' या प्रश्नावर अडकलेली. मी स्वतः पुण्यातून मायक्रोबायॉलॉजी केलं, इथल्या कम्युनिटी कॉलेजातून बायोटेकचं सर्टिफिकेट घेतलं आणि सध्या एका औषध कंपनीच्या क्यूसी (दर्जा तपासणी) लॅबमध्ये काम करते. त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे सारखे येतात. प्रत्येकीला व्हॉट्सॲपवर वेगळं टाइप करण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते. व्हिसाबद्दल जे लिहिलंय ते सामान्य माहिती म्हणून वाचा. तुमच्या केसचा निर्णय वकिलाला विचारूनच घ्या.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपल्याकडचं आयटीआय का?

थोडं आयटीआय, थोडं पॉलिटेक्निक आणि थोडं बीएस्सीची पहिली दोन वर्षं, असं सगळं एकाच आवारात. सरकारी पैशावर चालणारं, स्थानिक लोकांसाठीचं कॉलेज. प्रवेशाला कटऑफ नाही, सीईटी नाही. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनियर कॉलेज १९०१ साली निघालं, तेव्हापासून ही परंपरा आहे. साधारण ६० क्रेडिटची दोन वर्षांची असोसिएट डिग्री मिळते, किंवा सहा महिने ते वर्षभरात संपणारी सर्टिफिकेटं. एका बाकावर अठरा वर्षांची मुलगी आणि शेजारी सैन्यातून निवृत्त झालेले काका, हे तिथे रोजचंच.

ताई, माझं एमएस्सी झालंय. मग परत खाली का उतरायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारताना आवाज थोडा दुखावलेला असतो. घरचेही विचारतात, 'एमएस्सी होऊन पुन्हा कॉलेज?'

आपल्या एमएस्सीत थिअरी भरपूर असते. क्रेब्स सायकल झोपेतून उठवून विचारली तरी सांगू. पण प्रॅक्टिकलला वीस जणांत एक पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणारं) मशीन, आणि तेही बऱ्याचदा 'डेमॉन्स्ट्रेशन'. जर्नल पूर्ण, हात मात्र कोरे. इथला मॅनेजर पहिल्या मुलाखतीत विचारतो, सेल कल्चर (शरीराबाहेर वाढवलेल्या पेशी) स्वतः किती महिने सांभाळलंय? एचपीएलसीचा (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचा) कॉलम स्वतः बदललाय का? एसओपी (कामाच्या ठरवून दिलेल्या लेखी पायऱ्या) वाचून काम केलंय का? यांची उत्तरं कम्युनिटी कॉलेजच्या लॅबमध्ये तयार होतात. वर एक इथला पत्ता रेझ्युमेवर येतो, एक इथला प्रोफेसर संदर्भ द्यायला मिळतो आणि बहुतेक ठिकाणी इंटर्नशिपची वाट उघडते. मला विचाराल तर या तीन गोष्टींसाठीच फी भरायची. पदवीची उंची वाढवायला जाऊ नका, ती तुमच्याकडे आहेच.

दुसरी बाजूही सांगते. ज्यांनी पुण्या-मुंबईत लस किंवा बायोसिमिलर (मूळ जैविक औषधासारखंच दुसऱ्या कंपनीचं औषध) बनवणाऱ्या प्लांटमध्ये चार-पाच वर्षं काढली आहेत, त्यांना या सर्टिफिकेटची गरज फारशी नाही. त्यांनी थेट अर्ज करून बघावेत. कॉलेज हा त्यांचा दुसरा पर्याय.

आणि हो, आपली तीन वर्षांची बीएस्सी इथल्या चार वर्षांच्या डिग्रीबरोबरीची धरतातच असं नाही. परदेशी पदव्या तपासणाऱ्या डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून मूल्यांकन करून घ्या. बीएस्सी अधिक एमएस्सी असेल तर प्रश्न सहसा सुटतो.

शिकवतात काय नक्की?

पहिला आठवडा मायक्रोपिपेट. हसू नका. शंभर मायक्रोलिटर पाणी घ्यायचं, तराजूवर सोडायचं, वजन लिहायचं. ते ०.१ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. असं दहा वेळा. मग सरासरी काढायची आणि आकडे एकमेकांपासून किती भरकटले ते बघायचं. एमएस्सीवाल्यांचे आकडेही पहिल्या दिवशी भरकटतात, कारण अंगठा झटकन सोडायची सवय असते.

मग बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) बनवणं, पीएच, निर्जंतुक हाताळणी, जेल (प्रथिनं किंवा डीएनए आकारानुसार वेगळं करणं), पीसीआर, एलायझा (प्रथिन ओळखायची चाचणी). बहुतेक कॉलेजांत एक प्रयोग हमखास असतो तो जीएफपीचा. जेलीफिशमधलं हिरवं चमकणारं प्रथिन ई. कोलाय जिवाणूकडून बनवून घ्यायचं, जिवाणू फोडायचे, तो रस भरपूर मिठाच्या द्रावणात मिसळून कॉलममधून सोडायचा. प्रथिन कॉलमला चिकटतं. मग मीठ कमी करत नेलं की सुटतं. यूव्हीचा दिवा धरला की हिरवा पट्टा हळूहळू खाली सरकताना डोळ्यांना दिसतो. शेवटी जेलवर २७ किलोडाल्टनच्या आसपास एकच ठसठशीत रेघ आली की जमलं. खेळण्यातला वाटतो, पण इन्सुलिन असो की कॅन्सरवरची अँटिबॉडी, कारखान्यातल्या शुद्धीकरणाचा सांगाडा हाच: वाढवा, फोडा किंवा गाळा, कॉलममधून न्या, तपासा.

पुढच्या सत्रात सेल कल्चर, लहान बायोरिॲक्टर (पेशी वाढवायची टाकी), आणि ज्याला विद्यार्थी सगळ्यात कंटाळतात ते जीएमपी. म्हणजे औषध बनवताना पाळायची शिस्त. इथे ती एफडीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याच्या, नियमांत लिहिलेली आहे आणि तिचं खरं नाव कागदपत्रं. लॅबची वही कशी लिहायची यावरच मार्क कापले जातात. समजा पीएच ७.२ लिहायच्या ऐवजी ७.१ लिहिलंत. व्हाइटनर चालत नाही. आकड्यावर आकडा गिरवणं तर पापच. चुकलेल्या आकड्यावर एक सरळ रेघ मारायची, अशी की खालचं वाचता यायला हवं. शेजारी बरोबर आकडा, आद्याक्षरं, तारीख आणि लागलं तर कारण. जे लिहिलं नाही ते घडलंच नाही, असं इथे धरतात. आपल्याकडे जर्नल परीक्षेच्या आदल्या रात्री 'कम्प्लीट' करायची सवय असते. ती मोडायला सर्वात जास्त वेळ लागतो.

एच-४वर शिकता येतं का? नोकरीचं काय?

एच-४ म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा. त्यावर शिकता येतं. पूर्णवेळ किंवा अर्धवेळ, व्हिसा न बदलता. नोकरीला मात्र ईएडी, म्हणजे काम करायच्या परवान्याचं कार्ड हवं. ते कुणाला मिळतं? २०१५च्या मे महिन्यात लागू झालेल्या नियमानुसार, ज्यांच्या जोडीदाराचा ग्रीन कार्डाचा आय-१४० अर्ज मंजूर झालाय किंवा ज्यांच्या जोडीदाराचा एच-१बी सहा वर्षांच्या मर्यादेपुढे वाढवला गेलाय, अशा एच-४ जोडीदारांना. एल-२ (कंपनीने बदली करून इथे आणलेल्यांच्या) जोडीदारांचं सोपं आहे. २०२१च्या नोव्हेंबरपासून त्यांना व्हिसाच्या दर्जामुळेच काम करायची परवानगी आहे.

म्हणून मी प्रत्येकीला आधी विचारते, आय-१४० कुठवर आलाय? मंजूर व्हायला दोन वर्षं लागणार असतील तर कॉलेज आत्ता सुरू करू नका असं नाही, पण सावकाश करा. एका सत्रात एकच विषय घ्या. सर्टिफिकेट हातात आणि ईएडी नाही, अशा अवस्थेत हातचं कसब गंजतं. दीड वर्ष पिपेट न धरलेला उमेदवार मुलाखतीत ओळखू येतो.

अजून एक बदल नीट लक्षात ठेवा. पूर्वी नूतनीकरणाचा अर्ज वेळेत टाकला की जुन्या ईएडीला आपोआप मुदतवाढ मिळायची. ३० ऑक्टोबर २०२५पासून टाकलेल्या अर्जांना ती मिळत नाही. जुनं कार्ड संपलं आणि नवं आलं नाही, तर त्या दिवसापासून घरी बसावं लागतं. मुदत संपायच्या १८० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. तो १८०वा दिवस कॅलेंडरवर लाल करून ठेवा.

इंटर्नशिप हा वेगळा फास आहे. वर्गातली लॅब हा अभ्यासक्रमाचा भाग, तिथे अडचण नाही. पण कंपनीत जाऊन काम करणं, भले बिनपगारी असो, ईएडीशिवाय करू नका. 'फुकटच तर करतेय' हा युक्तिवाद चालत नाही.

फी किती? सरकारी मदत मिळते का?

कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला एका युनिटला, म्हणजे क्रेडिटला, ४६ डॉलर. चार युनिटचा विषय १८४ डॉलरला. वीस-एक युनिटचं सर्टिफिकेट हजार डॉलरच्या आत बसतं, वर पुस्तकं, लॅब कोट, पार्किंगचा पास. परराज्यातल्या किंवा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या विद्यार्थ्याला हाच दर सात-आठ पट तरी पडतो.

रहिवासी ठरायला राज्यात एक वर्ष आणि एक दिवस झालेला असावा लागतो, आणि इथेच राहण्याचा इरादा दाखवणारे कागद लागतात: लायसन्स, राज्याचा टॅक्स, भाडेकरार. कॅलिफोर्नियात एच-४ आणि एल-२वाल्यांना असं रहिवासी ठरता येतं. प्रवेशाच्या कचेरीतली खिडकीवरची व्यक्ती कधीकधी 'व्हिसा म्हणजे नॉन-रेसिडेंट' असं ठोकून देते. भांडू नका, रेसिडेन्सीचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याची भेट मागा.

केंद्र सरकारची आर्थिक मदत नागरिक, ग्रीन कार्डवाले आणि आणखी काही ठरावीक गटांनाच. एच-४ त्यात नाही. मॅसॅच्युसेट्सने २०२४पासून कम्युनिटी कॉलेज मोफत केलं, ती बातमी वाचून बऱ्याच जणींचे फोन आले. ती योजना ज्यांच्याकडे आधीची पदवी नाही अशांसाठी आहे. आपण तिथेही बसत नाही.

कुठलं कॉलेज चांगलं?

रँकिंग शोधत बसू नका. नकाशा उघडा. कॉलेजपासून अर्ध्या तासाच्या ड्राइव्हवर किती औषध कंपन्या आहेत ते बघा. कम्युनिटी कॉलेजचा बायोटेक विभाग हा शेजारच्या कंपन्यांना माणसं पुरवण्यासाठीच उभा राहिलेला असतो. सल्लागार मंडळात त्यांचीच माणसं बसतात, जुनी यंत्रं त्यांच्याकडूनच येतात. कंपन्या नसतील तर विभाग कितीही चांगला असो, तुम्हाला गाव बदलावं लागेल. आणि जोडीदाराची एच-१बीची नोकरी एका जागी खिळलेली असताना गाव बदलणं किती सोपं असतं ते तुम्ही जाणताच.

सॅन फ्रान्सिस्कोचं सिटी कॉलेज या क्षेत्रातलं जुनं नाव. देशभरच्या कॉलेजांचा बायोटेक अभ्यासक्रम जुळवणारी बायो-लिंक ही संस्था १९९८मध्ये तिथेच सुरू झाली. तिचा वारसा आता टेक्ससमधल्या ऑस्टिन कम्युनिटी कॉलेजातलं इनोव्हेटबायो चालवतं. त्यांच्या संकेतस्थळावर राज्यवार कार्यक्रमांची यादी मिळते, शोधाची सुरुवात तिथून करा. सॅन फ्रान्सिस्को शहरात राहणाऱ्यांना सिटी कॉलेजची फीसुद्धा माफ असते, अटी तपासून घ्या. आपली मंडळी मात्र जास्त करून फ्रीमॉन्ट-सनीवेलकडे. त्यांच्यासाठी ओलोनी कॉलेज जवळ पडतं. खाडीच्या पलीकडे स्कायलाइन कॉलेज तर साउथ सॅन फ्रान्सिस्कोतल्या जेनेनटेक या बायोटेक कंपनीच्या अंगणातच आहे.

दक्षिणेत सॅन डिएगोला मिरामार कॉलेज, आणि थोडं वर ओशनसाइडला मिराकोस्टा. मिराकोस्टाबद्दल दोन ओळी जास्त लिहायला हव्यात. कॅलिफोर्नियाने २०१४च्या कायद्याने काही निवडक कम्युनिटी कॉलेजांना चार वर्षांची पदवी द्यायची मुभा दिली. मिराकोस्टाने त्यात बायोमॅन्युफॅक्चरिंग निवडलं. शेवटच्या दोन वर्षांच्या विषयांना युनिटमागे ८४ डॉलर जादा, म्हणजे १३० डॉलर. विद्यापीठाच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ. सोलानो कॉलेजनेही हीच पदवी काढली, कारण शेजारी व्हॅकव्हिलचा प्रचंड प्लांट. तो जेनेनटेकचा होता, २०२४मध्ये लोन्झा या कंपनीने १.२ अब्ज डॉलरला घेतला. मालक बदलला तरी टाक्या चालवायला माणसं लागतातच.

पूर्वेकडे नॉर्थ कॅरोलायनाची घडी मला सगळ्यात व्यवहारी वाटते. तिथल्या कम्युनिटी कॉलेजांत बायोवर्क नावाचा शंभरावर तासांचा छोटा कोर्स आहे. प्रोसेस टेक्निशियन व्हायला तेवढा पुरतो. डरहॅम, रॅली, क्लेटन या पट्ट्यात नोव्हो नॉर्डिस्क, ग्रिफोल्स वगैरेंचे कारखाने आहेत. मेरीलंडमध्ये माँटगोमेरी कॉलेजचं जर्मनटाउन कॅम्पस. विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसन कॉलेज, जिथे आधीच पदवी असलेल्यांसाठी वेगळं सर्टिफिकेट आहे. आपल्या एमएस्सीवाल्यांनी नेमकं असंच काही शोधावं.

प्रवेशाआधी विभागप्रमुखाला एक ईमेल टाका आणि विचारा: गेल्या वर्षीचे विद्यार्थी कुठे लागले? कंपन्यांची नावं पटापट सांगता आली तर कॉलेज चांगलं. 'उद्योगात भरपूर संधी आहेत' असं गोलमोल उत्तर आलं तर पुढच्या कॉलेजला विचारा.

ऑनलाइन होतं का?

जीएमपी, क्वालिटी, गणित हे विषय होतात. लॅब नाही. पूर्ण ऑनलाइन 'बायोटेक टेक्निशियन' सर्टिफिकेट विकणाऱ्यांना पैसे देऊ नका.

नोकरी कसली मिळते? पगार?

मॅन्युफॅक्चरिंग टेक्निशियन, मीडिया आणि बफर प्रेप (पेशींचं खाद्य आणि द्रावणं तयार करणं), क्यूसी टेक्निशियन, सेल कल्चर, एन्व्हायर्नमेंटल मॉनिटरिंग (क्लीनरूममध्ये प्लेटा ठेवून जंतू मोजणं, मायक्रोवाल्यांना हे काम पटकन मिळतं). थोडा अनुभव झाला की डॉक्युमेंटेशन, व्हॅलिडेशन (यंत्र किंवा पद्धत ठरल्याप्रमाणे चालते हे सिद्ध करणं), क्यूए (दर्जाची हमी सांभाळणारा विभाग).

सरकारी आकडेवारीत बायॉलॉजिकल टेक्निशियनचा मध्यम वार्षिक पगार २०२४मध्ये ५० हजार डॉलरच्या थोडा वर होता. बे एरिया आणि बॉस्टनमध्ये त्याहून बरा, पण घरभाडं तो फरक गिळून टाकतं. याच आकडेवारीत या कामाला सहसा चार वर्षांची पदवी लागते असंही नोंदवलंय. कॉलेजांची माहितीपत्रकं हे वाक्य छापत नाहीत. म्हणजे निव्वळ असोसिएटवर संशोधनाच्या लॅबची दारं अवघड आहेत, उत्पादनाची सोपी. एमएस्सी अधिक सर्टिफिकेट हा जोड मात्र दोन्हीकडे चालतो.

पहिली नोकरी बहुधा एजन्सीमार्फत कंत्राटी असते, सहा महिने किंवा वर्षाची. विमा आणि सुट्ट्या यथातथाच. आपल्या लोकांना 'काँट्रॅक्ट' म्हटलं की कमीपणा वाटतो. या क्षेत्रात ती चाचणी असते, बरेच जण त्यातूनच कायम होतात. पण घरात आधीच एक कायम नोकरी आणि विमा आहे, ही सोय आपल्याकडे असते. तिचा फायदा घ्या.

रात्रपाळी करावी लागते का?

उत्पादनात बहुतेक वेळा हो. पेशींना शनिवार-रविवार कळत नाही. बारा तासांच्या पाळ्या, आठवड्यात तीन-चार दिवस, असा आराखडा सर्रास असतो. लहान मुलं असतील तर क्यूसीकडे बघा, तिथे दिवसपाळी जास्त. उलट काही जणींना रात्रपाळी सोयीची पडते, मुलांना शाळेतून आणता येतं आणि पगारात भर पडते. सासू-सासरे भारतातून सहा महिने आले की क्लीनरूममध्ये नव्या मराठी मुली दिसतात, हा माझा अनुभव.

क्लीनरूममध्ये मंगळसूत्र, टिकली, मेंदी?

दागिने नाहीत. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, चमकी, सगळं लॉकरमध्ये. मेकअप, टिकली, कुंकू, नेलपॉलिश नाही. कारण धर्माचं नाही, कणांचं: माणसाच्या अंगावरून कण सतत झडतात, त्यात पावडर आणि गोंदाची भर नको. मेंदीबाबत कंपनीगणिक नियम वेगळे, सणाआधी सुपरवायझरला विचारा. घरी ज्येष्ठांना हे आधी सांगून ठेवलेलं बरं.

कपडे चढवायचाही क्रम असतो. आधी केसांची जाळी, मग बुटांवरची आवरणं, हात धुणं, हातमोजे, डोक्यापासून मानेपर्यंत येणारं हुड, मग पूर्ण सूट. सूटची बाही किंवा पाय जमिनीला लागला तर तो टाकून नवा घ्यायचा. नऊवारी नेसणाऱ्या बाईला हे जमायला वेळ लागत नाही, असं मी नव्या मुलींना सांगते.

आम्ही शाकाहारी आहोत. प्राण्यांवर प्रयोग करावे लागतील का?

उत्पादन आणि क्यूसीत सहसा नाही. प्राण्यांचं काम संशोधनाच्या वेगळ्या विभागात असतं आणि त्यासाठी वेगळी भरती होते. पण दोन गोष्टी माहीत हव्यात. बहुतेक अँटिबॉडी ज्या सीएचओ पेशींत बनतात, त्या १९५७ साली चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून काढलेल्या पेशींच्या वंशातल्या. आज टाकीत वाढतात त्या पेशीच, प्राणी नव्हे. दुसरं, कॉलेजच्या सेल कल्चर लॅबमध्ये गायीच्या गर्भाचं सीरम वापरतात. ज्यांना हे पटत नाही त्यांनी आधीच प्रोफेसरांशी बोलावं. कारखान्यांत आता बहुतेक माध्यमं सीरमविरहित असतात.

माझं बीफार्म झालंय. इथे फार्मसिस्ट होता येत नाही म्हणतात...

२००३पासून पदवी घेतलेल्यांना परदेशी फार्मसिस्टच्या परीक्षेसाठी किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. आपलं बीफार्म चार वर्षांचं, तिथेच गाडी अडते. पण बीफार्मवाल्यांना या क्षेत्रात मी मायक्रोवाल्यांच्या पुढे ठेवते. ज्यांनी औरंगाबाद, गोवा किंवा अंकलेश्वरच्या प्लांटमध्ये एफडीएचा इन्स्पेक्टर दारात आलेला पाहिलाय, '४८३' (इन्स्पेक्टरने काढलेल्या त्रुटींचा कागद) म्हटल्यावर ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांना क्यूए शिकवावं लागत नाही. त्यांनी पूर्ण लॅबचं सर्टिफिकेट करण्याऐवजी क्वालिटी आणि रेग्युलेटरीचे दोन-तीन विषय घ्यावेत.

मी आयटीत होते, ले-ऑफ झाला. वळू का?

लॅबकडे वळायला केमिस्ट्री आणि बायॉलॉजी पायापासून करावं लागेल, दीड-दोन वर्षं धरा. त्यापेक्षा औषध कंपन्यांतलं कॉम्प्युटर सिस्टिम व्हॅलिडेशन बघा. इलेक्ट्रॉनिक नोंदी आणि सह्यांबाबत एफडीएचा 'पार्ट ११' नावाचा नियम आहे, त्याभोवती पुष्कळ काम असतं. टेस्टिंगचा अनुभव तिथे थेट लागू पडतो. कॉलेजातून फक्त जीएमपीचा विषय करा.

या सर्टिफिकेटवर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम मिळेल?

नाही. रुग्णांचे नमुने तपासायची वाट वेगळी आहे, तिचे अभ्यासक्रम वेगळे, परीक्षा वेगळ्या. कॅलिफोर्नियात तर राज्याचं लायसन्स लागतं. डीएमएलटी केलेल्यांनी आधी ती वाट तपासावी.

भाचा नाशिकला बारावीत आहे. त्याला थेट एफ-१वर पाठवू का?

टेक्निशियन होण्यासाठी, नको. असोसिएट डिग्रीनंतर एक वर्षाचं ओपीटी (शिक्षणानंतर काम करायची परवानगी) मिळतं, पण विज्ञान शाखांना मिळणारी दोन वर्षांची वाढ पदवी किंवा त्यावरच्या शिक्षणालाच आहे. एक वर्षानंतर एच-१बी लागेल, आणि ज्या कामाला मुळात चार वर्षांची पदवी अनिवार्य नाही त्याला एच-१बी मंजूर होणं कठीण. दोन वर्षं इथे आणि दोन वर्षं विद्यापीठात, असं ठरवूनच येणार असेल तर पैसे वाचतात. नाहीतर त्याने पुण्यात चांगलं बीएस्सी करावं.

मुलगी इथेच हायस्कूलला आहे. तिला कम्युनिटी कॉलेज म्हटलं की तोंड वाकडं करते.

तिचे आईवडीलही करतात, असा माझा अंदाज. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जायची पक्की वाट आहे. यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, सहा कॅम्पसना, म्हणजे डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझला, ठरलेले विषय आणि ग्रेड पूर्ण केल्यास प्रवेशाची हमी मिळते. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत.

एक सावधगिरी. टेक्निशियनचे विषय आणि ट्रान्सफरचे विषय एक नव्हेत. बायोमॅन्युफॅक्चरिंगचे सुंदर लॅब विषय करून मुलं विद्यापीठात जातात आणि कळतं की मेजरसाठी ते धरलेच नाहीत. हवं होतं कॅल्क्युलस आणि जनरल केमिस्ट्री. कुठल्या कॉलेजचा कुठला विषय कुठे चालतो हे असिस्ट या राज्याच्या संकेतस्थळावर दिसतं. काउन्सेलरवर विसंबू नका, स्वतः बघा. आणि मुलगी एच-४वर असेल तर २१व्या वाढदिवसाला तो दर्जा संपतो, हे आत्तापासून हिशेबात धरा.

बेचाळीस वय, दहा वर्षांचा गॅप. कोण घेणार?

घेतात. माझ्या वर्गात माझ्याहून मोठ्या बायका होत्या. गॅप रेझ्युमेवर लपवायची धडपड करू नका; कॉलेजच्या लॅबचं काम वर आणा, जुनं खाली न्या. उत्पादनाच्या कामात तासन्तास उभं राहणं आणि थोडी उचलाठेव असते, गुडघे दुखत असतील तर क्यूसी.

मुलाखतीची तयारी कशी करायची?

गणितापासून. 'दहापट तीव्र बफर आहे, ५०० मिलिलिटर एकपट करून दे' असं समोरच विचारतात. ५० मिलिलिटर बफर, ४५० पाणी. हे सांगायला दहा सेकंदांहून जास्त लागत असतील तर घरी सराव करा. आपण मनात सोडवतो आणि फक्त उत्तर सांगतो. इथे पायऱ्या मोठ्याने बोलायच्या.

मग येतात प्रसंगाचे प्रश्न. 'तुमचा प्रयोग बिघडला तेव्हा काय केलंत?' 'माझा कधीच बिघडला नाही' हे उत्तर आपल्याकडे नम्र हुशारीचं वाटतं, इथे शंकास्पद. बिघाड सांगा, कुणाला कळवलंत ते सांगा, वहीत काय लिहिलंत ते सांगा. सहकारी एसओपी मोडताना दिसला तर काय कराल, हाही ठरलेला प्रश्न. 'समजावून सांगेन' एवढ्यावर थांबू नका, सुपरवायझरला कळवेन हे यायलाच हवं.

रेझ्युमे एक पान. जन्मतारीख, वडिलांचं नाव, फोटो, 'मॅरिटल स्टेटस' सगळं काढा. एमएस्सीचे टक्के कोणी विचारत नाही.

सध्या बाजार थंड आहे म्हणतात. वाट बघू का?

२०२२नंतर छोट्या बायोटेक कंपन्यांत गुंतवणूक आटली आणि कपात झाली, ते खरं. त्यामुळे संशोधनाच्या जागांसाठी अनुभवी लोकही रांगेत आहेत. उत्पादनाचा कारखाना मात्र मंजूर औषध बनवत असतो, तो एकदम थांबत नाही. सुरुवात करायची तर याच बाजूने करा, आणि कॉलेज दूर असेल तर तुमच्या भागात खरोखर कुठल्या जागांच्या जाहिराती येतात त्या महिनाभर वाचून मग ठरवा.

उद्या भारतात परतलो तर?

असोसिएट किंवा सर्टिफिकेटच्या कागदाला तिथे फारसं वजन नाही. दोन-तीन वर्षांच्या जीएमपी अनुभवाला आहे. पुणे, हैदराबाद, बंगळूरच्या बायोसिमिलर आणि लस कंपन्या अमेरिकी आणि युरोपी बाजारासाठी बनवतात, त्यांना ही शिस्त अंगात मुरलेली माणसं लागतात.

प्रवेश कधी घ्यायचा?

मुख्य सत्र ऑगस्टअखेर, दुसरं जानेवारीत. लॅबच्या जागा थोड्या असतात आणि पटकन भरतात, त्यामुळे तुमच्या नोंदणीची तारीख उघडेल त्याच सकाळी बसा. भरलं असेल तर वेटलिस्टवर नाव टाका आणि पहिल्या दिवशी वर्गात हजर राहा. पहिल्या तासाला न येणाऱ्यांची नावं प्रोफेसर काढून टाकतात आणि समोर बसलेल्यांना आत घेतात. पायात बंद बूट घालून जा, चपलांवर लॅबमध्ये उभंही करत नाहीत.